भाजीचा पिझ्झा बेस कोणत्या डाएटला चालतो? कोकणातल्या स्वयंपाकघरासाठी कृती आणि हिशेब

फ्लॉवर किसून बेस केला की पिझ्झा पथ्याचा झाला, असं आता सर्रास धरलं जातं. घरात एक मधुमेही, एक कीटो (अगदी कमी कर्बोदकांचा आहार) करणारा, एक उपास धरणारी आणि एक गहू पूर्ण वर्ज्य असलेली व्यक्ती असेल, तर चौघांनाही तोच बेस वाढला जातो, कारण तो 'भाजीचा' आहे. हे बरोबर नाही, आणि गहू वर्ज्य असलेल्या माणसासाठी तर त्रासदायक ठरू शकतं.

भाजीच्या पिझ्झ्यात तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. भाजी कोणती, ती मिळून यावी म्हणून तिच्यात काय घातलं, आणि वर काय पसरलं. माझ्या अनुभवात डाएट मोडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी. भाजी बिचारी निर्दोष असते. म्हणून आधी भाज्यांची ओळख, मग मूळ कृती, आणि त्यानंतर एकेका डाएटप्रमाणे त्या कृतीत काय बदलायचं, अशा क्रमाने जाऊ.

भाजी पाणीदार की पिठूळ?

सगळा हिशेब या एका प्रश्नापासून सुरू होतो. फ्लॉवर, दुधी, कोबी, लाल भोपळा या पाणीदार भाज्या. १०० ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये साधारण ५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यातली २ ग्रॅम फायबर. दुधीत त्याहून कमी, साडेतीन ग्रॅमच्या आसपास. लाल भोपळ्यात साडेसहा. या भाज्यांत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे त्या स्वतःहून एकत्र धरत नाहीत. अंडं, चीज किंवा कसलं तरी पीठ घालावंच लागतं.

दुसरा गट पिठूळ भाज्यांचा: रताळी, सुरण, कच्ची केळी, नीरफणस. रताळ्यात १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं, नीरफणसात २७ ग्रॅमपर्यंत. उकडून कुस्करल्या की त्यांचा गोळा आपोआप होतो, अंड्याची गरज पडत नाही. चवीलाही त्या भरीव. मात्र कर्बोदकं कमी ठेवायची असतील तर हा गट तुमच्यासाठी नाही.

तुलनेसाठी मैद्याचा आकडा लक्षात ठेवा. नऊ इंची बेसला दीडशे ग्रॅम मैदा लागतो असं धरलं, तर त्यात ११० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं होतात. त्याच आकाराच्या फ्लॉवरच्या बेसमध्ये, पीठ न घालता केला तर, फायबर वजा जाता साधारण १५ ते १७ ग्रॅम. फरक प्रचंड आहे, आणि त्याच बेसमध्ये अर्धी वाटी तांदळाचं पीठ गेलं की तो बराचसा संपतो.

ऋतूचाही विचार करा. चांगला घट्ट फ्लॉवर आपल्याकडे थंडीत घाटावरून येतो. मे महिन्यात येतो तो सुटा, पिवळट आणि महाग. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर दुधी लोंबत असतो आणि झाडाला नीरफणस लागलेले असतात. अशा वेळी बाजारात फ्लॉवर शोधत फिरण्यात मला अर्थ दिसत नाही.

मूळ कृती: फ्लॉवरचा बेस, तव्यावर

ही कृती अंडं आणि चीजची आहे. एकदा ही हाताला बसली की बाकीचे बदल सोपे जातात. नऊ इंची एका बेससाठी देठ काढलेला फ्लॉवर ५०० ग्रॅम, एक अंडं, ५० ते ६० ग्रॅम किसलेलं मोझरेला चीज, चिमूटभर मीठ, भरडलेली मिरी आणि पाव चमचा ओवा.

फ्लॉवरचे तुरे सुटे करून मीठ-हळद घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, आतल्या अळ्या वर येतात. निथळून, फडक्याने कोरडे करून मग किसा. मिक्सरमध्ये काढणार असाल तर थांबत थांबत फिरवा. रव्याइतका दाणा हवा, लगदा नको. लगदा झाला की पाणी आत अडकतं आणि मग तो बेस कधीच कडक होत नाही.

कीस मोदकपात्रात पाच-सहा मिनिटं वाफवून घ्या. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना हाताने पिळवत नाही, म्हणून घाईत अर्धवट पिळला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. गार झालेला कीस स्वच्छ सुती पंच्यात बांधा आणि पिळा. पुरचुंडी एका बाजूने घट्ट धरून दुसऱ्या बाजूने पीळ देत जा. पाणी यायचं थांबलं असं वाटलं की पुरचुंडी उघडा, कीस मोकळा करा आणि पुन्हा पिळा. दुसऱ्या वेळी परत पाणी निघतं. शेवटी हातात राहतो तो ओलसर भरड चुरा, वजनाने निम्म्याच्या आसपास. ज्यांचा बेस उलटताना मोडतो त्यांची चूक जवळजवळ नेहमी इथेच असते, आणि ती झाकायला मग पीठ घातलं जातं. कीटोवाल्याचा हिशेब तिथेच बिघडतो. निघालेलं पाणी आमटीत घाला.

पिळलेल्या किसात बाकी सगळं मिसळा. मूठ वळून पाहा, मूठ सुटली नाही म्हणजे मिश्रण मिळून आलं. केळीच्या पानावर किंवा बटर पेपरवर तेलाचा हात फिरवून पाव इंच जाडीचा गोल थापा. कडा थोडी जाड ठेवा, कारण ती आधी करपते.

घावनाचा बिडाचा तवा यासाठी उत्तम. तो तापवून तेल सोडा, पान उलटं करून थापलेला गोल अलगद तव्यावर सोडा आणि पान काढून घ्या. आच मंद ठेवा आणि झाकण अजिबात ठेवू नका. झाकणाखाली वाफ धरली की इतका वेळ पिळून काढलेलं पाणी परत आल्यासारखं होतं. दहा ते बारा मिनिटांनी कडा तपकिरी होऊन सुटू लागतात. तव्यावर ताट पालथं धरून बेस त्यावर घ्या आणि तसाच सरकवत दुसऱ्या बाजूने तव्यावर सोडा. कालथ्याने उलटायला गेलात तर मधून दुभंगतो. दुसरी बाजू सहा-सात मिनिटं. मग सॉस, चीज, भाज्या पसरा, आणि आता झाकण ठेवा, चीज वितळेपर्यंतच.

ओव्हन असेल तर २२० अंशांवर आधी पूर्ण तापवून घ्या. बेस नुसताच वीस-पंचवीस मिनिटं, उलटून आणखी पाच-सात मिनिटं, मग वरचं साहित्य घालून परत पाच-सात मिनिटं. गावी चूल चालू असेल तर धोंडसासारखं झाकणावर निखारे ठेवून पाहा. वरून येणारी ती कोरडी धग गॅसला साधत नाही.

दुधीचा बेस याच पद्धतीने होतो, पण त्याला वाफवायची गरज नाही. सातशे ग्रॅम दुधी किसून मीठ लावा, पंधरा मिनिटांनी पिळा. उरतो फारच थोडा. किसण्याआधी दुधीचा एक तुकडा चाखा. कडू लागला तर तो संपूर्ण टाकून द्या. कडू दुधी शिजवूनही खाण्याजोगा होत नाही आणि त्यातून गंभीर विषबाधा होते.

कीटो आणि कमी कार्ब

कीटोजेनिक आहाराचं हे नाव १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी दिलं, ते वजन घटवण्यासाठी नव्हे तर अपस्माराच्या रुग्णांसाठी. त्या उपचारात प्रत्येक ग्रॅम मोजला जायचा. आज वजनासाठी कीटो करणारेही दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांत राहायचा प्रयत्न करतात. त्या हिशेबाने वरचा फ्लॉवरचा बेस, अर्धा खाल्ला तर ८ ग्रॅमच्या आसपास, आरामात बसतो. अंडं, चीज आणि फ्लॉवर मिळून पूर्ण बेसमधून २५ ग्रॅमहून जास्त प्रथिनंही मिळतात.

पण पिळायचा कंटाळा आला म्हणून दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ घातलं, की सुमारे १५ ग्रॅम कर्बोदकं वाढली, म्हणजे बेसचा आकडा जवळजवळ दुप्पट. कोरडेपणा हवाच असेल तर नारळाच्या चोथ्याचं पीठ घ्या. सोलकढीसाठी दूध काढल्यावर जो चोथा उरतो, तो उन्हात कडकडीत वाळवा (पावसात मंद तव्यावर परता) आणि मिक्सरमध्ये बारीक करा. हे पीठ पाणी प्रचंड शोषतं, त्यामुळे एक चमचाच पुरे. ते विकत मिळतं तेव्हा महाग असतं आणि आपण मात्र घरोघरी चोथा टाकून देतो, याचं मला वाईट वाटतं.

पाकीटबंद 'कॉलीफ्लॉवर क्रस्ट' घेणार असाल तर पुढचं नाव वाचू नका, मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. अशा अनेक बेसमध्ये तांदळाचं पीठ, मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असतो आणि कर्बोदकं साध्या बेसच्या जवळ जातात.

मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी कीटो मनाने सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली जाते. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांवर तर कीटोअ‍ॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल वाढण्याचा, धोका असतो, आणि तो साखर फारशी वाढलेली नसतानाही होऊ शकतो. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्या, मग पिझ्झा.

गहू वर्ज्य असेल तर

सिलिअ‍ॅक (गहू न सोसण्याचा आजार) असलेल्या माणसाला ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, अगदी थोडा अंशही आतड्याला इजा करतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमात ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून घरात किती काळजी हवी याची कल्पना येईल.

फ्लॉवर, दुधी, नीरफणस, तांदूळ, नाचणी, यांपैकी कशातच ग्लुटेन नाही. ते शिरतं ते आडवाटेने. बाजारातला बांधानी हिंग हा शुद्ध नसतो, त्यात डिंकाबरोबर बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरची यादी पाहा, तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. गिरणीत गव्हामागोमाग दळलेलं नाचणीचं किंवा तांदळाचं पीठ दूषित असतं, म्हणून तांदूळ धुऊन वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळलेला बरा. लाकडी पोळपाट आणि चपात्यांचा बिडाचा तवा कितीही घासला तरी खाचाखोचांत कणीक राहते. सिलिअ‍ॅकवाल्यासाठी तवा, पोळपाट, किसणी आणि पंचा वेगळाच ठेवा. मी याबाबत कडक आहे, कारण 'एवढ्याने काय होतंय' म्हणणारी माणसं प्रत्येक घरात असतात आणि त्रास दुसऱ्याच कोणाला होतो.

व्हीगन

व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नको, दूधही नाही. अंडं आणि चीज दोन्ही काढले की पाणीदार भाजीचा बेस विस्कटतो. अंड्याच्या जागी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, चिकट होते. जोडीला एक चमचा इसबगोल घाला. तो कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतो आणि पाणी धरून ठेवतो. एवढ्यावर कर्बोदकं कमीच राहतात. कर्बोदकांची चिंता नसेल तर पाव वाटी बेसन घाला, चव आणि प्रथिनं दोन्ही वाढतात. हा बेस अंड्याच्या बेसपेक्षा नाजूक, म्हणून नऊ इंची एक न करता तळहाताएवढे चार करा.

चीजच्या जागी काजू. अख्खे घेण्याची गरज नाही, वेंगुर्ले-मालवणकडे मिळणारी काजूकणी स्वस्त पडते. अर्धी वाटी कणी चार तास भिजवून, लसणाची पाकळी, लिंबू, मीठ आणि अगदी थोडं पाणी घालून गुळगुळीत वाटा. बेसवर पसरून झाकण ठेवलं की वर सायीसारखी धरते, ताणली मात्र जात नाही. कीटोवाल्यांनी ही जपून घ्यावी, काजूत शंभराला ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात.

प्रथिनांची भरपाई वरच्या थरात करा: तव्यावर परतलेलं टोफू, उकडलेले कडवे वाल, मोड आलेले मूग. माघ-फाल्गुनात कुयरी (कोवळा फणस) मिळाली तर उकडून, रेषा सुट्या करून, मालवणी मसाल्यात परतून घाला. प्रथिनं तिच्यात थोडीच, पण मांसाहार सोडलेल्याला चावायला काही तरी मिळाल्याचं समाधान देणारी दुसरी भाजी मला माहीत नाही. मसाल्यातला हिंग पुन्हा तपासा, खाणाऱ्याला गहू वर्ज्य असेल तर.

उपासाचा बेस

हा माझा आवडता. ३०० ग्रॅम उकडलेली रताळी गरम असतानाच किसून घ्या. त्यात पाऊण वाटी राजगिऱ्याचं पीठ, दोन चमचे दाण्याचं कूट, जिरं, वाटलेली हिरवी मिरची आणि मीठ. रताळ्याला पाणी सुटतं म्हणून पीठ एकदम सगळं घालू नका, गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबा. तुपाच्या हाताने थापा आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस करा. राजगिरा नसेल तर शिंगाड्याचं किंवा वरीचं पीठ चालतं, वरीचा बेस जास्त कुरकुरीत होतो.

वर पनीर, ओलं खोबरं, खमंग परतलेली कच्च्या केळ्याची काचरी. टोमॅटो, कोथिंबीर, चीज उपासाला घ्यायचं की नाही हे घरागणिक वेगळं, तेव्हा घरातल्या मोठ्यांना विचारा. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, एवढं पाहाच.

सुरणाचाही बेस होतो. सुरणातले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाजतात, म्हणून फोडी आमसुलाच्या पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी सुरण टाळावा.

आता हिशेब. रताळी आणि राजगिरा मिळून या बेसमध्ये कर्बोदकं ११० ग्रॅमच्या घरात जातात, म्हणजे मैद्याइतकीच. फायबर जास्त, ग्लुटेन नाही, चवही सुंदर, पण उपासाला चालतो म्हणून मधुमेहालाही चालतो असं नाही. एकादशीला साखर वाढलेली दिसते त्यामागे अनेकदा हे असतं.

मधुमेह, आणि दोन वेळांचं जेवण

मधुमेहात कीटोइतकं टोकाला जाण्याची बहुतेकांना गरज नसते. फ्लॉवर किंवा दुधीचा बेस, त्यात हवं तर दोन चमचे नाचणीचं पीठ, वर भाज्या आणि प्रथिनं, हे चांगलं जेवण आहे. पिठूळ भाजीचा बेस घ्यायचा तर चतुर्थांश पुरे, आणि आधी काकडीची किंवा कोबीची कोशिंबीर. रताळं भाजलेल्यापेक्षा उकडलेलं साखर हळू वाढवतं, तेवढा फरक कृतीतच करून ठेवता येतो. शक्य असेल तर खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहा. आकडे तुमच्या शरीराचे असतात, दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत नेलेली पद्धत पाळणारे आपल्याकडे भरपूर आहेत. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. त्यांच्यासाठी बेस कशाचा याइतकंच महत्त्व वेळेला आहे. पाच वाजता 'भाजीचाच तर आहे' म्हणून घेतलेला एक तुकडाही तिसरं जेवण ठरतो. पिझ्झा करायचा तर जेवणाच्या वेळेलाच करा, आणि चीज-अंड्याचा फ्लॉवर बेस घ्या, पोट पुढच्या जेवणापर्यंत भरलेलं राहतं.

मेडिटरेनियन आणि रक्तदाबाचं पथ्य

मेडिटरेनियन आहारात गहू वर्ज्यच नाही. अख्ख्या धान्याचा पातळ बेस त्यात मजेत बसतो. भाजीचा बेस हा इथे फक्त भाजी वाढवण्याचा मार्ग. खरा भर कडधान्यं, मासे, सुका मेवा आणि ऑलिव्ह तेलावर, चीज बेताचं. आपल्याकडचे बांगडा आणि तारली हे ओमेगा-३ ने भरलेले मासे यासाठी फार योग्य. वाफवून काटे काढा, लिंबू-मिरी लावून शेवटच्या दोन मिनिटांत वर घाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा चणे किंवा वाल वापरा.

रक्तदाबासाठीच्या डॅश आहारात मिठावर नजर हवी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आतली आहे, म्हणजे सुमारे २ ग्रॅम सोडियम. मोझरेलाच्या १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, प्रोसेस्ड चीजमध्ये याहून बरंच जास्त. म्हणून बेसमध्ये मीठ घालूच नका, चीजच्या निम्म्या जागी घरचं बिनमिठाचं पनीर घ्या. कोकमाचं आगळ हे मिठात मुरवलेलं असतं, खारे बांगडेही तसेच. दोन्ही या पिझ्झ्यावर नकोत.

पॅलिओ, लो-फॉडमॅप, जैन

पॅलिओत, म्हणजे आदिमानवासारखं खाण्याच्या पद्धतीत, धान्य, कडधान्यं आणि दूध तिन्ही बाद. फ्लॉवर, अंडं आणि नारळाचं पीठ एवढ्यावर बेस करा, चीज नाही. व्होल-३० हा तीस दिवसांचा आहार-कार्यक्रम पाळणाऱ्यांनी मात्र पिझ्झ्याचा विचार महिनाभर सोडावा. साहित्य सगळं चालणारं असलं तरी पिझ्झ्यासारख्या पदार्थांची नक्कल करणं त्या कार्यक्रमाच्या नियमातच बसत नाही.

पोटाच्या तक्रारींसाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने मांडलेला लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं टाळणारा) हा फ्लॉवरच्या बेसचा खरा शत्रू. फ्लॉवरमधल्या मॅनिटॉलने गॅस आणि पोटदुखी वाढते. कांदा, लसूण, काजू हेही बाद. इथे गाजराचा बेस करा: किसून, वाफवून, पिळून, अंडं आणि थोडं तांदळाचं पीठ घालून. लसणाचा स्वाद हवा तर तेलात लसूण तळून काढून टाका. त्रास देणारे घटक तेलात उतरत नाहीत, वास मात्र उतरतो.

जैन स्वयंपाकात कंदमुळं आणि अंडं नाही, फ्लॉवरही त्यातल्या किड्यांमुळे पुष्कळ घरांत टाळतात. कच्च्या केळ्यांचा बेस सर्वांत सोपा. सालासकट उकडून, सोलून, कुस्करून, दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं की झालं.

नीरफणसाचे छोटे पिझ्झे

ज्यांना कर्बोदकांचं बंधन नाही, पण गहू, अंडं, दूध यांपैकी काही नको, त्यांना मी डोळे झाकून नीरफणस सुचवते. त्याचे काप आपण करतोच. तेच जरा जाड, बोटाएवढे कापायचे. साल आणि मधला गाभा काढून चकत्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, निथळा, दोन्ही बाजूंना तांदळाचं पीठ दाबा आणि खोबरेल तेलात मंद आचेवर सोनेरी करा. बाहेरून कुरकुरीत, आतून पावासारखे मऊ. पिळणं नाही, थापणं नाही, उलटताना मोडणं नाही. गहू वर्ज्य, व्हीगन आणि पॅलिओ (तांदळाचं पीठ वगळून) या तिघांनाही हा एकच बेस पुरतो. पिकलेला नीरफणस घेऊ नका, दाबून घट्ट लागला पाहिजे.

सॉस

केचपमध्ये जवळजवळ चतुर्थांश साखर असते, ती कोणत्याच डाएटला मदत करत नाही. चार टोमॅटो किसून तेलात लसणावर घट्ट होईपर्यंत आटवा. ओरेगॅनोची पुडी आणायची गरज नाही, परसात पानओवा असेल तर दोन पानं बारीक चिरून घाला. दोन्हींच्या वासामागे कार्व्हाक्रोल आणि थायमॉल हेच घटक आहेत, म्हणून तो इतका जुळतो. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर कच्चाच पातळ चकत्या करून वर पसरा, तो तिखट लागत नाही. सॉस कितीही चांगला झाला तरी भाजीच्या बेसवर तो पातळसर लावा, नाही तर पाच मिनिटांत बेस ओला होतो.

आधी करून ठेवायचं असेल तर

दोन्ही बाजूंनी भाजलेला, वर काही न घातलेला बेस गार करून, मध्ये बटर पेपर ठेवून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो. फ्रीझरमध्ये महिनाभरही राहील, पण पावसाळ्यात वीज तासन् तास जाते तिथे फ्रीझरच्या भरवशावर अंड्याचे बेस साठवू नका. मऊ पडून पुन्हा गोठलेला बेस टाकून द्या. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, कोरड्या तव्यावर ठेवा.

गणपतीनंतर घर भरलेलं असताना सगळ्यांसाठी एकाच दिवशी करायचं असेल, तर क्रम असा धरा. सगळ्यात आधी, ओटा स्वच्छ असताना, सिलिअ‍ॅकवाल्याचा पिझ्झा त्याच्या वेगळ्या तव्यावर करून झाकून ठेवा. मग उपासाचा आणि व्हीगन, कारण त्यांना अंड्याचा हात लागता कामा नये. त्यानंतर अंडं-चीजचा फ्लॉवर बेस, आणि मासे घालायचे असतील तर ते अगदी शेवटी. प्रत्येकाला कालथा आणि सुरी वेगळी. ताटं ओळखू यावीत म्हणून कागदाच्या चिठ्ठ्या लावण्यापेक्षा प्रत्येक पिझ्झ्यावर खूण म्हणून वेगळी भाजी ठेवा: एकावर मिरची, एकावर टोमॅटो, उपासाच्यावर खोबरं. मुलंसुद्धा मग चुकीच्या ताटाला हात लावत नाहीत.